एकतीस नंबरची काडी

माझ्या हातून एकदा एक अख्खी टेकडी हरवता हरवता राहिली. चष्मा काय, कुणीही हरवतं. किल्ल्या हरवायला तर डोकंही लागत नाही. पण टेकडी हरवू शकलेला माणूस आमच्या आळीत मी एकटाच. थापा वाटत असतील तर आमच्या हिला विचारा. मी सांगितलेल्या एकाही गोष्टीला ती दुजोरा देत नाही, फक्त या गोष्टीला देते. कारण हिच्यात मी मूर्ख ठरतो.

माझी थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची आणि सुट्टीत गवत गोळा करायची. लोक सुट्टीत मावशीकडे जातात, ताई गवताकडे जायची. काडी मुळासकट उपटायची, वर्तमानपत्राच्या घडीत निगुतीने पसरायची, घड्यांची चळत दोन फळ्यांमध्ये घालायची आणि वर काहीतरी जड ठेवायची. ती कॉलेजात असताना ते जड काहीतरी म्हणजे मी होतो. ‘धाकट्या, पाढे म्हणायचेत ना? इथे बसून म्हण.’ माझं प्राथमिक शिक्षण सगळं गवतावर बसून झालं. पुढे मी सरकारी नोकरीत जो टिकून बसलो, त्याचा पाया तिथला.

तर या ताईला समुद्रापलीकडच्या एका मोठ्या संग्रहालयातून पत्र आलं. तिथल्या एक विदुषी गवतांच्या एका घराण्यावर ग्रंथ लिहीत होत्या. ताईने मासिकात छापलेलं एक जुनं टिपण त्यांच्या वाचनात आलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, तुमची सत्तेचाळीस वाळवलेली गवतं अभ्यासाला मिळतील का? त्यातलं एकतीस नंबरचं तर हवंच. तुम्ही लिहिता तसं ते असेल, तर या गवताची शास्त्राला अजून ओळखच नाही. ग्रंथ दीड महिन्याने छपाईला जाईल, तेवढ्यात पोचावं. आणि शेवटी एक ओळ: गठ्ठा आहे तसाच पाठवा, काहीही करू नका.

ही शेवटची ओळ ध्यानात ठेवा. मी ठेवली नाही.

एकतीस नंबर ताईला आयुष्यात एकदाच मिळालं होतं, बत्तीस वर्षांपूर्वी, एका टेकडीच्या उत्तरेकडच्या खडकाच्या भेगेत. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली तर भेग नव्हती, खडक नव्हता आणि अर्धी टेकडीही नव्हती. पुढे उरलेल्या अर्धीचीही खडी झाली, खडीचा रस्ता झाला आणि त्या रस्त्यावरून मी बावीस वर्षं ऑफिसला गेलो. तेव्हा टेकडीची जगात उरलेली एकमेव निशाणी म्हणजे वीतभर काडी. ती घेऊन ताई एका प्राध्यापकांकडे गेली होती. त्यांनी काडी चिमटीत धरली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “साधं गवत आहे हो बाई. शाळेकडे लक्ष द्या.” ताईने काडी परत घेतली. घरी आली आणि घडी होती तशी मिटून ठेवली. बत्तीस वर्षं मिटून ठेवली.

पत्र वाचून दाखवताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त एकतीस नंबरापाशी तिने चष्मा पुसला आणि तो आधीच स्वच्छ होता.

“पाठवायचं कसं पण?” ती म्हणाली. “माझे गुडघे असे. रांगेत कोण उभं राहणार?”

“ताई,” मी छाती पुढे काढून म्हणालो, “पार्सल पाठवणं म्हणजे काय मोठंसं? चार दिवसांचं काम.”

आमची ही आतून म्हणाली, “झालं. गेलं बिचारं गवत.”

*

पार्सलच्या खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. “आत काय?”

“गवत.”

“कसलं गवत?”

“वाळलेलं.”

त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं. “तिकडे नाहीये का?”

मी त्यांना शास्त्र, ग्रंथ, विदुषी असं सगळं समजावलं. रांगेतल्या सहा जणांनीही समजून घेतलं. सहावा म्हणाला की त्याच्या अंगणात पुष्कळ आहे, न्यायचं तर न्या. बाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं. “किंमत लिहा.”

मी लिहिलं: ‘अमूल्य’.

“हे चालत नाही. आकडा.”

मी फॉर्म घेऊन ताईकडे गेलो. तिने ‘अमूल्य’ खोडलं आणि शेजारी सुबक शून्य काढलं. “ताई, अगं उभं आयुष्य घातलंस आणि किंमत शून्य?”

“शून्य लिहिलं की कुणी चोरत नाही,” ताई म्हणाली. “शिवाय गवत विकायचं नाहीये, दाखवायचंय. ‘शास्त्रीय उपयोगासाठी, विक्रीसाठी नाही’ असं लिही खाली. आणि अक्षर नीट काढ.”

बाईंनी शून्य स्वीकारलं, पण आता वनस्पती-तपासणी कार्यालयाचा दाखला हवा होता. ते कार्यालय एका लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला होतं. तिथले साहेब म्हणजे एक किडकिडीत गृहस्थ. गळ्यात दोरीला भिंग, आणि जगात कुठेतरी एक किडा आपल्या नजरेतून सुटलाय अशी कायमची काळजी चेहऱ्यावर. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “गोठवलंय का?”

“काय?”

“नमुने. सात दिवस. घट्ट प्लास्टिकमध्ये बांधून. किडे असतात, अंडी असतात. सात दिवस गोठवा, यादीच्या तीन प्रती आणा, मग मी एकेक उघडून बघेन.”

ताईला हे सगळं ठाऊक होतं. “मी पण दरवर्षी गोठवते,” ती म्हणाली, “पण माझ्या फ्रीजमध्ये पाच-पाचच मावतात.” आमच्या फ्रीजपुढे मी गठ्ठा घेऊन उभा राहिलो तेव्हा ही म्हणाली, “माझ्या फ्रीजमध्ये गवत? मग म्हैस कुठे बांधणार आहात, बाल्कनीत?”

एवढा मोठा फ्रीझर आळीत एकाच घरी होता: समोरच्या अकरादिवस्यांकडे.

हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या कंपनीने त्यांना यंत्र बघायला अकरा दिवस परदेशी पाठवलं होतं. तेव्हापासून हा माणूस मनाने परत आलेलाच नाही. त्यांना नळाची चकती बदलायला सांगा, ‘तिकडे काय करतात...’ अशीच सुरुवात. त्यांची बायको होती तोवर त्यांना ती मधेच थांबवायची, ‘अहो, अकरा दिवस होतात तुम्ही!’ ती गेल्यावर थांबवणारं कुणी उरलं नाही. पण माणूस अडीअडचणीला धावणारा. आमच्या घरात काच फुटली तर झाडू घेऊन आमच्या आधी हजर.

“आणा, आणा!” त्यांनी फ्रीझर रिकामा केला. “पण बघू तरी, पॅकिंग कसं आहे.” त्यांनी वरच्या दोन-चार घड्या उचकटल्या, आणखी आतल्या दोन-चार, आणि एका घडीपाशी जे थबकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं, गवताच्या दर्शनाने माणूस भारावला. वर बघितलं तेव्हा चेहरा लाल.

“हे असं पाठवणार? रद्दीत?”

“ताई अशीच ठेवते.”

“ताईंचं ठीक आहे हो. पण तिकडच्या माणसांच्या हातात पिवळे पडलेले, फाटके, डाग पडलेले कागद? त्यावर सिनेमाच्या जाहिराती? मूळव्याधीवरचं मलम? आपली काय शोभा होईल! तिकडे म्हणे...”

“पण त्यांनीच लिहिलंय, आहे तसाच पाठवा.”

“अहो, ती सभ्यता!” अकरादिवसे म्हणाले. “पाहुणा म्हणतो ना, काही करू नका हं, आहे तसंच चालेल? मग आपण काय करतो?”

वाचकहो, हात हृदयावर ठेवून सांगा, आपण काय करतो? चादरी बदलतो. चांगले कप काढतो. घर झाडून पडदे धुतो आणि पाहुणा आला की म्हणतो, ‘काहीच केलं नाही बघा!’ साठ वर्षांत ‘आहे तसंच’ या शब्दांचा शब्दशः अर्थ मी कधी घेतला नव्हता, तो त्या एका दिवशी का घेईन?

आठव्या दिवशी मी गठ्ठा घरी आणला, दार लावून घेतलं आणि पांढऱ्याशुभ्र कोऱ्या कागदाचे सत्तेचाळीस ताव पसरले. एकेक काडी दोन हातांच्या बोटांवर तोलून जुन्या घडीतून नव्या घडीत ठेवली. श्वास रोखून. एक तूस मोडलं नाही की एक बी गळलं नाही. माझ्या हाताला इतकी नजाकत असेल याची मलाही कल्पना नव्हती. हीसुद्धा दारातून बघून म्हणाली, “दिसतंय मात्र छान.” हिच्या तोंडून ‘छान’ हा शब्द याआधी निघाला होता तो आमच्या थोरल्या सुनेला बघायला गेलो होतो तेव्हा. अकरादिवसे तर मदतीला दत्त म्हणून उभे. निघालेले जुने कागद ते हातोहात घेत होते, नीट रचत होते. तेवढ्यात रद्दीवाला आला. मी गठ्ठा त्याच्या गाडीवर टाकला.

संध्याकाळी ताई यादीवर सही करायला आली. मी पडदा वर गेल्यासारखा टेबलावरचा कपडा उचलला.

ताईने पहिला ताव उघडला. मिटला. दुसरा उघडला. तिसरा. मग उलटसुलट करून कोपरे बघितले, चारही. एवढं सगळं ती काही न बोलता करत होती. शाळेतल्या मुली म्हणत, बाई ओरडल्या तर वाचलात, गप्प झाल्या तर घरी पत्र जातं.

“नंबर कुठे आहेत?” ती म्हणाली.

“कसले?”

“पेन्सिलीने लिहिलेले. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात. काडीवर लिहिता येत नाही, म्हणून कागदावर लिहितात. कुठली काडी कुठे, कधी, कुठल्या खडकात मिळाली ते सगळं वहीत आहे. वहीत जायची वाट म्हणजे तो नंबर.” ती खुर्चीवर बसली. “धाकट्या, नंबर नसलेली काडी म्हणजे केर.”

मी आयुष्यात तीनदा खजील झालोय. दोन वेळा आता आठवत नाहीत, इतकी ही तिसरी मोठी होती.

“पण तुला तर प्रत्येक गवत ओळखता येतं,” मी म्हणालो. “बघ आणि टाक ना नंबर.”

“आठवणीवर नंबर टाकत नाहीत.”

“कुणाला कळणारे?”

“मला.” मग जरा थांबून म्हणाली, “आठवण आपली खुशामत करते रे. मला एकतीस नंबर सापडावंसं वाटतंय, म्हणून जे हवं तेच मला एकतीस दिसेल.”

*

रद्दीवाल्याचं दुकान म्हणजे आत शिरायला आडवं व्हावं लागतं अशी जागा. मी वाटेतच मनाशी निरोप घेतला होता. कागद आता भेळीच्या नाही तर खिळ्यांच्या पुड्या होऊन गावभर फिरत असणार. पण या माणसापुढे मी आजही मान लववतो. तो म्हणाला, “तुमचे पेपर? डागी होते ते. पुड्यांना डागी माल कुणी घेत नाही. तो वेगळा काढतो, मिलच्या गाडीत जातो. गाडी परवा.” आणि चार हजार किलो कागदाच्या डोंगरातून त्याने न बघता, नुसता हात घालून माझा गठ्ठा ओढला. शपथेवर सांगतो, न बघता. बरं, चार हजार नसेल, तीन असेल.

“पण डाग कसले होते हो ते?” त्याने विचारलं. “मी नवऱ्याबायकोच्या भांडणातले चहाचे डाग ओळखतो, तेलाचे ओळखतो. हे वेगळेच. चित्रासारखे.”

मी एक कागद उघडला आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. कोपऱ्यात पेन्सिलीने ‘बारा’. आणि पानभर, बातम्यांवर आडवी, तपकिरी रंगाची, मूळ, पेर, पात, कणीस असलेली एक काडी. नुसती छाया. तीस-तीस वर्षं त्याच घडीत पडून गवताने कागदावर स्वतःचं चित्र काढून ठेवलं होतं.

ताईला दाखवलं तर तिने त्या डागावरून बोट फिरवलं. “हे चालेल,” ती म्हणाली. “हे माझ्या आठवणीवर नाही, गवताच्या आहे.”

दुसऱ्या दिवशी आमच्या घराचं जे झालं ते सांगायला भाषा अपुरी आहे. जेवणाच्या टेबलावर काड्या. दोन्ही पलंगांवर, जमिनीवर, शिवणयंत्रावर कागद. पंखा बंद, खिडक्या बंद, शिंकायला बंदी. आम्ही घामाने निथळत, रांगत, एकेक काडी प्रत्येक डागाशी लावून बघत होतो. मला दोन तासांत तीन जुळल्या. ताईला नऊ. आणि आमची ही, जी गवताला आजवर फक्त ‘पसारा’ म्हणत आली, ती कमरेवर हात ठेवून नुसती उभी राही आणि म्हणे, “ही बघा, हिचं कणीस डावीकडे वाकलंय. ती पलंगावरची, उशीजवळची.” आणि बरोबर! सत्तावीस जुळवल्या हिने. ताई तोंडात बोट घालून बघत राहिली.

“तुला कसं गं दिसतं?”

“चाळीस वर्षं बटणं जुळवतेय यांच्या शर्टांची,” ही म्हणाली. “हे त्यापेक्षा सोपं आहे. गवत निदान हलत नाही.”

रद्दीवाल्याचं कुतूहल त्याला स्वस्थ बसू देईना. दुकान बंद करून तो आला आणि त्याने सहा जुळवल्या. एकूण पंचेचाळीस. दोन काड्या उरल्या, आणि एकही कागद उरला नाही.

ताईने वही उघडली. तीस आणि एकतीस. एकाच दिवशी गोळा केलेली, दोन्ही जांभळट, दोन्ही वीतभर, म्हणून एकाच घडीत: डाव्या पानावर तीस, उजव्या पानावर एकतीस. तीस रस्त्याकडेचं साधं गवत, जे पार्सलच्या रांगेतल्या सहाव्या माणसाच्या अंगणात पुष्कळ आहे. एकतीस म्हणजे टेकडी. आणि वाळल्यावर दोन्ही अशी सारखी, जशा जुळ्या बहिणी.

“ताई, तुझा अंदाज?” मी विचारलं.

ती दोन्ही काड्यांकडे बघत होती. तिला कळत होतं, मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं की तिला कळतंय. “सांगणार नाही,” ती म्हणाली. “कागद नसेल तर पंचेचाळीसच पाठव.”

त्या प्राध्यापकांनी ‘साधं गवत’ म्हटलं तेव्हा ती गप्प राहिली, ती याच हट्टाने. आता त्याच हट्टाने स्वतःचा आयुष्यभराचा शोध बाजूला ठेवत होती. रद्दीवाला शपथ घेऊन सांगत होता की त्याच्याकडून एक चिटोरंही कमी झालेलं नाही.

एवढ्यात ही म्हणाली, “समोरचे आले नाहीत.”

“कोण?”

“अकरादिवसे. काल संध्याकाळपासून एक सल्ला नाही. घरात एवढं रामायण, आणि ते आले नाहीत? पहिल्यांदाच.”

*

दार उघडायला त्यांना वेळ लागला. आम्ही चौघं आत शिरलो: पुढे ही, मागे मी, ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून, शेवटी रद्दीवाला. भिंतीवर एक नवीकोरी चौकट होती आणि तिच्यापुढे अकरादिवसे पाठ टेकून उभे होते. त्यांनी दोन्ही हात पसरले होते, जणू मागे बिळात नाग आहे.

“सरका,” ही म्हणाली.

ते सरकले.

काचेमागे वर्तमानपत्राचं मोठं पान, दोन्ही बाजू उलगडलेलं. उजव्या अर्ध्यात चौकोनी फोटो: टाय, भांग, दाट केस, छातीशी धरलेली बॅग. खाली ‘परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन’. आणि फोटोतल्या त्या तरुण माणसाच्या नाकाखालून तपकिरी रंगाचं एक गवत मिशीसारखं उगवून, टायवरून आडवं जाऊन, थेट हवामानाच्या अंदाजात घुसलं होतं. कोपऱ्यात पेन्सिलीने: एकतीस.

“तुमच्या ताईंनी,” अकरादिवसे म्हणाले, “माझ्या तोंडावर गवत वाळवलं! बत्तीस वर्षं! आणि समोर राहून मला एका शब्दाने सांगितलं नाही!”

“मी बातम्या बघून कागद घेत नाही,” ताई म्हणाली. “शाई सुटत नाही एवढंच बघते.”

“म्हणून रद्दी बदला, रद्दी बदला!” मी गरजलो. “शोभा म्हणे! सभ्यता म्हणे!”

त्यांनी खाली मान घातली. “माझ्याकडचं कात्रण बायकोने जपून ठेवलं होतं. घर रंगवताना गेलं. मग तीही गेली. फ्रीझरपाशी हे अचानक समोर आलं... मी मागितलं असतं तर तुम्ही हसला असतात.”

खरं होतं. मी हसलोच असतो. मोठ्याने, आणि पुढची दहा वर्षं.

मग ताई पुढे झाली आणि तिने विद्यार्थिनीला सांगावं तसं सांगितलं, “हे बघा भाऊ. नमुना जातो तो कागदासकट. ज्या कागदावर नंबर आहे तो टाकत नाहीत. त्या संग्रहालयात दोन-दोनशे वर्षांपूर्वीचे कागद अजून आहेत, कपाटात, थंड खोलीत, कुलपात. हा कागदही तिथेच राहील. गवताबरोबर.”

अकरादिवस्यांनी बाहीने चौकटीची काच पुसली.

“म्हणजे मी,” ते म्हणाले, “तिकडे... कायमचा?”

“तुमच्या-माझ्या नंतरही.”

त्यांनी स्वतः चौकट उतरवली, स्वतः काच काढली. काडी डागावर ठेवल्याबरोबर बसली; मिशीच्या टोकापासून मुळापर्यंत, पेराला पेर, तुसाला तूस. ताईने श्वास सोडला. मला वाटतं, तो तिने बत्तीस वर्षं रोखला होता.

“टाय जरा वाकडा आहे का हो?” अकरादिवस्यांनी विचारलं. “फोटोत?”

*

आता सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल तर तुम्ही ताईला ओळखत नाही. कागद रद्दीच्या दुकानात जाऊन आले होते. “पुन्हा गोठवायचं. सात दिवस.” अकरादिवस्यांनी न सांगता फ्रीझर रिकामा केला आणि सातही दिवस दारावर ‘उघडू नये’ अशी पाटी लावून शेजारी खुर्ची टाकून बसले. घरात ते एकटेच राहत होते, तेव्हा ती पाटी कुणासाठी होती हे मला अजून कळलेलं नाही.

तपासणीला ताई स्वतः आली, गुडघे बाजूला ठेवून. साहेबांनी भिंग सरसावलं. पहिल्या दहा घड्यांना एक तास. माझी उमेद खचली; छपाईची तारीख अंगावर येत होती. बाराव्या घडीपासून साहेब भराभर उलटू लागले. मला वाटलं, दमले. एकविसाव्या घडीला ते थांबले, भिंग खाली ठेवलं आणि हळूच म्हणाले, “बाई, हिचा पुढचा भाग आहे का?”

“कशाचा?”

“ही रहस्यकथा. क्रमशः आहे. बाराव्यात पाचवा भाग, इथे सहावा. खून माळ्याने केला का?”

“छत्तीस नंबर बघा,” ताई म्हणाली. “बातम्या मी बघत नाही. पण खून असला की बघते.”

छत्तिसाव्या घडीत माळी सुटला. सत्तेचाळीस काड्यांत एकही किडा निघाला नाही. साहेबांनी दाखल्यावर शिक्का मारला, मग उठून उभे राहिले आणि ताईला म्हणाले, “मी बावीस वर्षं गठ्ठे उघडतोय. इतकं स्वच्छ काम पाहिलं नाही.” या माणसाने गोठवणीच्या दिवसांत माझ्या तीन याद्या परत केल्या होत्या, हे मी त्या क्षणी माफ केलं.

पार्सलच्या खिडकीवरच्या बाईंनी खोका हातात घेतला. “गवत?”

“गवत.”

“किंमत शून्य?”

“शून्य.”

त्यांनी खोका कानाशी हलकेच धरला, बहुधा सवयीने, आणि चारही बाजूंना ‘दाबू नये’ असे शिक्के मारले.

“अहो,” मी म्हणालो, “बत्तीस वर्षं दाबूनच ठेवलंय.”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “आता पुरे.”

*

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. ताईने आमच्याकडे येऊन वाचलं. अकरादिवसे आधीच येऊन बसले होते, टाय लावून. रद्दीवाला दारात गाडी लावून उभा होता.

एकतीस नंबर नवं होतं. त्याचं नाव लांब आणि अवघड आहे, मला उच्चारता येत नाही. पण मधे कुठेतरी आमच्या ताईचं नाव आहे, तेवढं मला ओळखू येतं. ग्रंथात त्याचं पान आहे, आणि पत्त्याच्या जागी त्या टेकडीचं नाव, उत्तर बाजू, खडकाची भेग. टेकडी आता तिथेच आहे, एका परक्या देशातल्या थंड कपाटात, कुलपात.

ताई वाचता वाचता थांबली. चष्मा पुसला. या वेळी तो खरंच पुसायला झाला होता.

“पुढे?” अकरादिवसे म्हणाले. “माझं काही?”

पुढे लिहिलं होतं की, कागदावरच्या छायेमुळे नमुन्याची खात्री पटली, कागद त्याच्याबरोबरच जपला आहे, आणि त्यावरचे गृहस्थ कोण आहेत हे इथल्या सर्वांना जाणून घ्यायचं आहे. अकरादिवसे उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत राहिले. त्या दिवसापासून ते ‘तिकडे काय करतात’ असं म्हणत नाहीत. ‘आमच्याकडे काय करतात’ असं म्हणतात. आणि मी हसत नाही. फार हसत नाही.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती. ताईने ती माझ्याकडे बघत वाचली. पुढच्या महिन्यात त्या विदुषी स्वतः येणार होत्या, उरलेलं गवत बघायला, आणि एक रात्र मुक्काम चालेल का म्हणून विचारत होत्या. खास काही करू नका, आहे तसंच चालेल.

मी नकळत उठलो होतो. पडद्याची एक कडी माझ्या हातात होती.

“धाकट्या,” ताई म्हणाली.

मी कडी सोडली.

“बसा,” ही म्हणाली, आणि तिने चहा आणला. रोजच्या कपांतून. माझ्या कपाचा कान तुटलेला होता, तो तसाच.